पुतळा कोठे उभा राहावा, हे कोणी ठरवावे?



आपल्या गावाच्या अथवा शहराच्या मुख्य चौकातून आपण रोज जाता-येता. त्या चौकात कोणाचा तरी पुतळा असेल, एखादी कमान असेल, कोणा देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी असेल. ती वस्तू तेथे कोणाच्या ठरावाने बसली, कोणाच्या पैशाने बसली आणि बसविताना आपल्या वस्तीस कोणी विचारले होते काय, हा प्रश्न आपण स्वतःस कधी विचारला आहे काय? बहुतेकांनी तो विचारला नसेल. कायद्याची पदवी घेऊन न्यायालयात उभा राहू लागल्यावरही कित्येक वर्षे मी तो विचारला नव्हता. एका प्रकरणाने तो मला विचारावयास लावला. ते प्रकरण मी पुढे सांगणारच आहे. परंतु त्यापूर्वी एका दूरच्या नगरीची हकीकत आपणापुढे ठेवणे मला अवश्य वाटते.

सार्वजनिक जागा ही आपल्या लोकांच्या दृष्टीने क्षुल्लक बाब कधीही नव्हती. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असल्याचे कागदावर लिहिले गेले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले, आणि त्या तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. जागा सर्वांची आहे एवढे सिद्ध करावयास दहा वर्षे लागली! आता त्यापुढचा प्रश्न आहे. जागा सर्वांची ठरली. मग त्या जागेवर कोणाची प्रतिमा उभी राहील, ती कोणत्या रूपात उभी राहील, आणि आपणास हीन लेखणारी एखादी प्रतिमा तेथे आधीच उभी असेल तर ती हलविण्याचा अधिकार कोणास आहे?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को नगरीने या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक संस्था निर्माण केली आहे. १९३२ साली अंमलात आलेल्या नगरसनदेने तेथे कला आयोग स्थापन झाला. आयोग हा शब्द ऐकून चित्रांची प्रदर्शने भरविणारे एखादे हौशी मंडळ असावे, अशी कल्पना आपण करून घेऊ नये. त्यास कायद्याने दिलेले अधिकार आहेत. नगरीच्या मालकीच्या जागेवर कोणतीही कलाकृती ठेवावयाची, तेथून हलवावयाची अथवा तिच्यात बदल करावयाचा तर या आयोगाची संमती लागते. सार्वजनिक इमारतींच्या आराखड्यांसही त्याची मान्यता लागते. नगरीच्या मालकीच्या कलाकृतींची नोंदवही ठेवणे व त्यांची निगा राखणे हेही त्याचेच काम. १९९६ पासून लागू झालेल्या सनदेत या आयोगासाठी पंधरा सदस्य ठरविले गेले. त्यांची नेमणूक महापौर करतात व मुदत चार वर्षांची असते. पंधरांपैकी अकरा जण कलाक्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे असावेत, त्यात वास्तुशास्त्रज्ञ असावेत, नाट्य-संगीत, चित्र-शिल्प व साहित्य यांचे प्रतिनिधी असावेत असा नियम आहे. उरलेले चार सदस्य सामान्य नागरिकांतून घ्यावयाचे असतात. या चार जागांकडे मी आपले लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. चौकात काय उभे राहावे हे ठरविताना ज्यास छिन्नी धरता येत नाही, परंतु ज्यास त्या चौकातून रोज जावे लागते, त्यासही बसावयास खुर्ची असावी हे तत्त्व त्या चार जागांत मान्य झालेले आहे.

आता या आयोगाची परीक्षा कशी झाली ते पाहा.

त्या नगरीच्या नागरी केंद्रात एक भव्य स्मारक आहे. जेम्स लिक नावाच्या धनिकाच्या मृत्युपत्रातील देणगीतून, फ्रँक हॅपर्सबर्गर या शिल्पकाराने घडविलेले हे स्मारक १८९४ साली उभे राहिले. कॅलिफोर्नियात येऊन वसलेल्या गोऱ्या लोकांचा गौरव करणे हा त्याचा हेतू. त्या स्मारकाच्या एका बाजूस ‘आरंभीचे दिवस’ या नावाचा ब्राँझचा पुतळासमूह होता. त्यात तिघे जण होते. एक स्पॅनिश काळातील गुराखी, एक ख्रिस्ती मिशनरी आणि त्या दोघांच्या पायांशी जमिनीवर पडलेला त्या भूमीचा मूळ रहिवासी. मिशनरी त्याच्यावर वाकून आकाशाकडे बोट दाखवीत होता. त्या शिल्पात उभे असणाऱ्यांनी संस्कृती आणली आणि पडलेल्याने ती कृतज्ञतेने स्वीकारली, असा त्याचा अर्थ होता. वस्तुस्थिती काय होती? कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची हत्या, गुलामी व हकालपट्टी यांचा इतिहास इतका स्पष्ट आहे की, २०१९ च्या जूनमध्ये त्या राज्याच्या गव्हर्नरांनी शासकीय आदेश काढून त्याबद्दल क्षमायाचना केली.

वाचकहो, आपण त्या शिल्पासमोर उभे आहात आणि आपल्या बोटास धरून आपले मूल उभे आहे, अशी कल्पना करा. मूल विचारते, ‘तो खाली का पडला आहे?’ आपण काय सांगाल? मूळ रहिवाशांच्या आईबापांना हा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षे सोसावा लागला. त्यांनी तक्रारी केल्या. १९९० नंतरच्या काळात स्मारकाची जागा बदलली तेव्हाही त्यांनी तो पुतळासमूह नको असे सांगितले. उत्तरादाखल एक खुलाशाची पाटी लावण्यात आली. अन्याय करणारी प्रतिमा तशीच ठेवावयाची आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत खुलासा लिहावयाचा, ही युक्ती आपणांस अपरिचित नाही.

२०१७ साली हा प्रश्न पुन्हा उठला. या वेळी आयोगाने तो टाळला नाही. जाहीर सुनावण्या झाल्या व मूळ रहिवासी जमातींचे लोक येऊन बोलले. ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या आयोगाकडे प्रकरण गेले, कारण स्मारक संरक्षित क्षेत्रात होते. मार्च २०१८ मध्ये कला आयोगाने तो पुतळासमूह हलविण्याचा ठराव एकमताने केला. तेवढ्याने काम संपले नाही. एका नागरिकाने त्या ठरावाविरुद्ध नगरीच्या अपील मंडळाकडे धाव घेतली आणि एप्रिल २०१८ मध्ये अपील मंडळाने, तेही एकमतानेच, तो ठराव फिरविला! इतिहास पुसला जाऊ नये, कलेवर बंधन येऊ नये, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. मूळ रहिवाशांची निराशा किती झाली असेल ते मी सांगावयास नको. परंतु त्यांनी पहार उचलली नाही. फेरसुनावणीची मागणी झाली, ती मिळाली, पुन्हा माणसे बोलली, आणि १२ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच अपील मंडळाने आपला निर्णय बदलून आयोगाचा ठराव कायम केला. १४ सप्टेंबरच्या पहाटे तो पुतळासमूह उचलून गोदामात नेण्यात आला. तो फोडला गेला नाही, वितळविला गेला नाही. स्मारकाचा बाकीचा भाग आजही तेथे आहे. केवळ ते एक जोते रिकामे झाले.

पुढे काय झाले तेही ऐका. ५ एप्रिल २०१९ रोजी कला आयोगाच्या पुढाकाराने सुमारे दीडशे मूळ रहिवासी स्त्री-पुरुष व मुले त्या रिकाम्या जोत्यापाशी जमली. एकेक जण अथवा एकेक कुटुंब त्या जोत्यावर चढले आणि त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. जेथे त्यांचा पूर्वज १२४ वर्षे आडवा पडलेला दाखविला होता, तेथे त्याची नातवंडे-पतवंडे आपापल्या पोशाखात ताठ उभी राहिली.

अपील मंडळाचा पहिला निर्णय वाचून कोणी म्हणेल, ‘एवढी यातायात कशास? चार तरुण रात्री जाऊन ते ओढून पाडते तर काम एका तासात झाले असते.’ या प्रश्नाचे उत्तरही त्याच नगरीने दिले आहे. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसांच्या हातून हत्या झाल्यावर सबंध अमेरिकेत संतापाची लाट उसळली. १९ जून २०२० रोजी, म्हणजे गुलामीच्या अंताचा स्मरणदिन असतो त्याच दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात जमावाने पुतळे पाडले. मूळ रहिवाशांवर मिशनची सत्ता लादणाऱ्या हुनिपेरो सेरा यांचा पुतळा पडला. राष्ट्रगीताचे कर्ते व गुलामांचे मालक असलेल्या फ्रान्सिस स्कॉट की यांचा पडला. आणि त्यांच्याबरोबरच युलिसिस ग्रँट यांचाही पडला. ग्रँट म्हणजे गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याचा पराभव करणारे सेनापती! त्यांच्या आयुष्यातही दोष होते. एक गुलाम त्यांच्याही मालकीचा होता व त्यास त्यांनी १८५९ साली मुक्त केले. हा हिशेब करावयाचा असेल तर कागदपत्रे पाहावी लागतात, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. दोरखंड हाती घेतलेल्या जमावास त्यासाठी सवड नसते. आणि हे ध्यानात ठेवा की, दोरखंडाचा न्याय एकदा मान्य केला की तो बहुसंख्यांच्या हाती जातो. आपण संख्येने थोडे आहोत. आपल्या देशात बाबासाहेबांच्या पुतळ्यांची विटंबना कोणत्या अंधारात होते हे आपणांस ठाऊक आहे. अल्पसंख्याकास कायद्याच्या रीतीची गरज बहुसंख्याकापेक्षा अधिक असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी सनदशीर मार्ग खुले असताना बेकायदा मार्गांस थारा देऊ नये असे बजाविले, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते.

मी त्या आयोगाचे स्तोत्र गात नाही. त्याच्या हातूनही चुका झाल्या. २०१८ साली त्या नगरीने असा नियम केला की, सार्वजनिक जागी प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तींच्या ज्या प्रतिमा असतात त्यांत किमान ३० टक्के स्त्रियांच्या असाव्यात. आणि कृष्णवर्णीय कवयित्री माया अँजेलो यांचे स्मारक मुख्य ग्रंथालयापाशी उभारावे. निवड समितीने लाव्हा थॉमस या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीचा आराखडा पसंत केला. तो एका मोठ्या ब्राँझच्या पुस्तकाचा होता व त्यावर अँजेलो यांचा चेहरा होता. परंतु परंपरागत पद्धतीचा उभा पुतळाच हवा असा आग्रह धरला जाऊन २०१९ साली ती निवड बाजूस सारण्यात आली. कृष्णवर्णीय स्त्री-कलावंत एकत्र आल्या, त्यांनी सभेत जाऊन जाब विचारला, आणि २०२० साली आयोगास त्या शिल्पकर्तीची जाहीर क्षमा मागावी लागली. काम तिलाच मिळाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते स्मारक उघडण्यात आले. चूक न करणारी संस्था पृथ्वीवर नाही. जेथे सभा उघड्यावर भरते, कार्यवृत्त वाचावयास मिळते आणि सामान्य माणसास बोलावयास वेळ दिला जातो, तेथे चूक सुधारण्याची वाट शिल्लक राहते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

पुतळे हे या आयोगाच्या कामाचे केवळ एक अंग आहे. १९६९ पासून तेथे असा नियम आहे की, नगरीने सार्वजनिक इमारत बांधली तर बांधकामाच्या खर्चाच्या दोन टक्के इतकी रक्कम कलेसाठी ठेवावी. १९६७ साली वस्ती-कला कार्यक्रम सुरू झाला. त्याचा आशय असा की, कला धनिकांच्या नाट्यगृहात कोंडून न ठेवता मजुरांच्या वस्तीत न्यावी. त्यातूनच बेव्ह्यू, मिशन, वेस्टर्न ॲडिशन व साउथ ऑफ मार्केट या भागांत नगरीच्या मालकीच्या इमारतींत सांस्कृतिक केंद्रे चालू लागली. हे भाग कृष्णवर्णीयांचे, मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्यांचे आणि श्रमिकांचे. ती केंद्रे खुली ठेवणे हे आयोगाचे सनदेतील कर्तव्य आहे. १९९३ साली उपेक्षित समाजांच्या कलावंतांना व संस्थांना अनुदान देण्यासाठी स्वतंत्र निधी निर्माण झाला. रस्त्यावर बसून स्वहस्ते केलेल्या वस्तू विकणाऱ्या कारागिरांना परवाना देण्याचे कामही याच आयोगाकडे सोपविलेले आहे. ज्या समाजात चामड्याचे, बांबूचे, दोरखंडाचे, वाद्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या झाले, आणि ज्या समाजाच्या शाहिरांनी जलशांतून बाबासाहेबांचा संदेश खेड्यापाड्यांत नेला, त्या समाजास या व्यवस्थेचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या देशात अशी संस्था नाही असे नाही. संसदेने १९७३ साली कायदा केला आणि १९७४ साली दिल्ली नागरी कला आयोग स्थापन झाला. राजधानीतील मोठ्या बांधकामांचे बाह्यरूप, उद्याने, इतकेच नव्हे तर पुतळ्यांचे नमुने यांविषयी सल्ला देणे हे त्याचे काम. परंतु त्यात एक अध्यक्ष व दोन ते चार सदस्य एवढीच माणसे असतात, ती केंद्र सरकार नेमते, आणि सामान्य नागरिकासाठी त्यात निराळी जागा ठेवलेली नाही. महाराष्ट्रात पुतळा उभारावयाचा तर स्थानिक संस्थेचा ठराव, जागेचा हक्क, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी आणि मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता अशा पायऱ्या आहेत. या पायऱ्या निरर्थक नव्हेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उघडला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मान्यता सहा फुटांच्या नमुन्यास दिलेली होती, असे कला संचालकांनी सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. महापुरुषाविषयीची भक्ती कितीही खरी असली तरी ती लोखंडाच्या सांगाड्याचे काम करू शकत नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती उघड सुनावणीची. तिचे सर्वांत ठळक उदाहरण जयपूरचे आहे. तेथील उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसविण्यात आला. ज्याच्या नावाची स्मृती बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळण्यात आली, त्याचा पुतळा न्यायालयाच्या आवारात! विरोध झाला तेव्हा त्याच वर्षी न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या बैठकीने तो हलविण्याचे ठरविले. त्यावर याचिका झाली, स्थगिती मिळाली, आणि तीन दशके उलटली तरी पुतळा जागीच राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन स्त्रियांनी त्या पुतळ्यास काळे फासले व त्यांना अटक झाली. तारखांची तुलना करा. सप्टेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुनावणीअंती एक पुतळा गोदामात गेला. त्यानंतर महिनाभरात जयपुरात दोन श्रमजीवी स्त्रिया कोठडीत गेल्या. त्या स्त्रियांचे कृत्य कायद्यास धरून नव्हते हे वकील या नात्याने मला सांगितले पाहिजे. परंतु ज्या देशात गाऱ्हाणे ऐकणारे दार तीस वर्षे बंद राहते, त्या देशाने केवळ दार ठोठावणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवावे, हेही मला मान्य नाही.

आता ते प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावचे आपले काही तरुण माझ्याकडे आले. त्यांनी वर्गणी काढून बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणला होता आणि एका रात्रीत रस्त्याच्या कडेस चौथरा बांधून तो बसविला होता. नगरपालिकेची नोटीस आली, चौथरा निघाला, पुतळा गोणपाटात गुंडाळून कोठारात ठेवण्यात आला. मी कागद मागितले. ठराव नव्हता, जागा नव्हती, नमुन्याची मान्यता नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आदेश माझ्यासमोर होता. सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर पुतळा बसविण्यास राज्यांनी परवानगी देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. मी त्यांना सांगितले की, या मुद्द्यावर आपण हरणार. एक तरुण संतापून म्हणाला, ‘साहेब, तुम्हीपण त्यांचेच झालात.’ मी गप्प राहिलो, कारण माझ्यापाशी कायदा होता परंतु उत्तर नव्हते.

त्यानंतर दर महिन्याच्या बाजारी एक म्हातारी बाई माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसू लागली. तिने खुरपणीच्या मजुरीतून त्या पुतळ्यास वर्गणी दिली होती. ती एकच प्रश्न विचारी, ‘वकीलसाहेब, बाबासाहेबाला कवा सोडवणार?’ जणू तिचा मुलगाच हवालातीत होता. तिच्या त्या प्रश्नाने मला झोप येईना. शेवटी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. विहाराच्या मालकीच्या जागेचा उतारा काढला, नगरपालिकेकडे अर्ज केला, सभेत ठराव आणविला, शिल्पकाराकडून नमुना करवून घेतला, मान्यतेसाठी हेलपाटे घातले. एक त्रुटी दूर केली की दुसरी निघे. पावणेतीन वर्षे गेली, परंतु परवानगी मिळाली आणि पुतळा दिवसाउजेडी, सनदी अधिकाऱ्यांसमक्ष बसला. त्या दिवशी ती बाई मला म्हणाली, ‘ह्यो अर्ज कुठं करायचा ते आमास्नी आदी कुनी का नाय सांगितलं?’

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

कोणी म्हणतील, ‘पोटास भाकर नाही, मुलांना वसतिगृह नाही, नोकरीत जागा भरल्या जात नाहीत; अशा वेळी पुतळ्यांची व कला आयोगांची चर्चा कशास?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. शाळा व पुतळा यांतून एकच निवडा असे कोणी म्हणाले तर मी निःसंशय शाळा निवडीन. परंतु नगरपालिकेचा पैसा सुशोभीकरणावर खर्च होतोच, आणि तो आपल्याही करांतून जातो. प्रश्न एवढाच आहे की, तो कोणत्या वस्तीत खर्च होतो व कोणाच्या संमतीने. आपण त्या सभेस गेलो नाही म्हणून तो पैसा भाकरीकडे वळत नाही. तो दुसऱ्याच्या कमानीकडे वळतो. शिवाय आपल्यापैकीही काही जण चौथऱ्यावर जितका खर्च करतात त्याच्या दशांशही त्याच चौथऱ्यामागील वाचनालयावर करीत नाहीत, ही गोष्ट मी आपणांपासून लपविणार नाही. ज्यांनी आयुष्यभर ग्रंथ जमविले त्यांच्या पुतळ्यास वर्षातून दोनदा हार घालावा आणि शेजारच्या वाचनालयास कुलूप असावे, हे आपणांस शोभत नाही.

आपण ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना माझी विनंती आहे. घरातील जुन्या प्रतिमा आपण विचारपूर्वक उतरविल्या. घराच्या भिंतीवर काय असावे हे आपण कोणाच्या भीतीने ठरविले नाही. तोच विचार आता गावाच्या भिंतीपर्यंत न्या. नगरपालिकेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या सभेची कार्यक्रमपत्रिका मागा. अंदाजपत्रकात सुशोभीकरण, स्मारके, समाजमंदिरे यांच्या नावे किती रक्कम आहे व ती कोठे खर्च झाली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी विचारा. अर्जाची पोच घ्या व जपून ठेवा. पुतळा बसवावयाचा असेल तर प्रथम जागेचा कागद, मग ठराव, मग नमुना, मग परवानगी, आणि सर्वांत शेवटी वर्गणीतील हार. आपला अपमान करणारी प्रतिमा वा पाटी असेल तर आक्षेप लेखी द्या, सुनावणी मागा, नकार मिळाला तर कारणे लेखी मागा. कारणे लेखी मिळाली की वकिलास काम करता येते.

आणि आपण सर्वांनी मिळून शासनाकडे मागणी करावयाची ती अशी : प्रत्येक महानगरपालिकेत सार्वजनिक कलेसाठी कायद्याने स्थापन झालेला आयोग असावा, त्याच्या सभा उघड असाव्यात, त्यात कलावंतांबरोबर वस्त्यांतील सामान्य स्त्री-पुरुषांसाठी जागा असाव्यात, त्याच्या निर्णयावर अपील असावे व ते ठराविक मुदतीत निकालात निघावे, आणि त्याच्या निधीचा निश्चित भाग वस्त्यांतील केंद्रे, वाचनालये व कारागीर यांच्यासाठी राखलेला असावा. अशी संस्था इतरत्र चालते, चुकते आणि सुधारते, हे आपण पाहिले.

ती म्हातारी बाई आता बाजारी येत नाही; तिचे वय झाले आहे. परंतु तिच्या नातीने गेल्या महिन्यात मला एक कागद दाखविला. विहाराशेजारच्या खोलीत अभ्यासिका व्हावी म्हणून तिने नगरपालिकेस केलेला अर्ज होता तो. खाली कोपऱ्यात पोच मिळाल्याचा शिक्का व तारीख होती. मी तो दोनदा वाचला. त्यात माझ्याकडून दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.